उथळ पाणी

आटपाडीकडे पक्षी पाहायला जातो म्हटले की पुण्यामुंबईचा माणूस हसतो. माणदेश म्हणजे कुसळे, मेंढरे आणि कोरड्या पात्रातली वाळू, अशी त्याची समजूत. आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचलेली असेल, तर दुष्काळात गाव कसे उठून जाते हेही त्याला ठाऊक असते. समजूत तशी खोटी नाही. पण दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होत येतात, पहाटेची थंडी अंगाला झोंबू लागते, त्या सुमारास माणगंगेवरच्या राजेवाडी तलावावर उत्तरेचे पाहुणे उतरू लागतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात, केशरी अंगाचे चक्रवाक असतात, फावड्यासारखी चोच पाण्यात फिरवणारा थापट्या असतो. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी तर जणू पंढरपूरची वाट चुकून इकडे आलेला! आणि पुढे कधीतरी रोहित येतात. शे-दोनशे रोहित एकदम पंख उघडतात तेव्हा पाण्यावर गुलाल उधळल्यासारखा वाटतो.

मात्र या सोहळ्यामागे एक हिशेब आहे, आणि तो मनाला टोचतो. रोहित आपली वाकडी चोच पाण्यात उलटी बुडवून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातो. शेकाट्या काठीसारख्या तांबूस पायांवर चालत किडे टिपतो. दोघांनाही पाणी हवे ते गुडघाभर. माणसाच्या नव्हे, त्यांच्या गुडघ्याएवढे. तलाव काठोकाठ भरला की बुड्या मारणारे आणि पोहणारे राहतात, चिखलात चालणारे निघून जातात. पाणी ओसरते, दलदल उघडी पडते, तेव्हा पाहणाऱ्याचा सुकाळ सुरू होतो. त्याच वेळी काठावरच्या शेतकऱ्याच्या विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो.

मग या आनंदाला काय म्हणावे? “आम्ही पाहिल्याने कुणाचे काय गेले? पाणी काही आम्ही प्यालो नाही,” असे उत्तर तयारच असते. ते खरे आहे, पण पुरे नाही. दुष्काळातले निरभ्र चांदणेही सुंदरच असते. ते पाहणारा काही पापी नव्हे. मात्र पाऊस येऊन चांदणे झाकू नये असे ज्याला मनातून वाटले, त्याच्याशी माझे भांडण आहे. आनंद होणे आपल्या हाती नसते, पण तो टिकावा म्हणून आपण काय इच्छितो त्याचा जाब आपल्याला द्यावाच लागतो.

ही परीक्षा आटपाडीत प्रत्यक्ष होते. कऱ्हाडजवळच्या टेंभूपासून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या तालुक्यात आणले गेले. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहिले, त्यांच्या ओढ्यांत पाणी खेळले. त्या बातमीने डाळिंबाच्या मळ्यातला माणूस हरखला; दुर्बीणवाला मात्र म्हणाला, “आता रोहित यायचे नाहीत.” हा सुस्कारा मी समजू शकतो. पण तोच अर्ज होऊन सरकारदरबारी जाऊ लागला, तर त्यावर मी सही करणार नाही.

एकदा काठावर एका धनगराने मला विचारले, “पावणं, पाणी चढलं म्हंजी ही पाखरं कुठं जात्यात?”

म्हटले, “दुसरीकडे उथळ पाणी असेल तिथे.”

“म्हंजी आमच्यावानीच की! फकस्त उलटं. आमी पाणी आटलं की निघतो.” आणि तो मेंढरांमागे गेला.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही. हा तलाव १८७६-७७च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला. पोटासाठी माती वाहणाऱ्यांच्या डोक्यात रोहित नव्हता, आणि रोहिताने कुणाला विचारून मुक्काम केला नाही. तरी इतकी वर्षे ज्याची ये-जा आहे त्याचा काहीच हक्क नाही, असेही मला म्हणवत नाही. तलाव भरला तरी ओढा जिथे आत शिरतो ती त्याची शेपटी उथळच राहते. गाळ काढताना ती तेवढी खोल खणू नये, एवढे मागणे फार नाही. त्यासाठी कुणाच्या पिकाचे पाणी तोडावे लागत नाही.

आपल्याकडे ओसरलेल्या तलावाच्या पोटात गाळपेर करतात. पाणी हातभर मागे सरले की बियाणे हातभर पुढे जाते. शेकाट्याही त्याच ओल्या रेघेवर चरत असतो. राखणीच्या पोराने ढेकूळ भिरकावले की तो चिर्रकन ओरडत उडतो आणि दहा पावलांवर उतरतो. त्याला दाण्याशी कर्तव्य नाही, हे पोरालाही ठाऊक असते. पोर वळले की तो पुन्हा पेरलेल्या सरीपाशी येतो.