स्लॅब पडण्याआधीची झोप

घर बांधणाऱ्या माणसाला रात्री झोप लागावी की लागू नये, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. पण आमच्या गडमुडशिंगीत हल्ली ज्या वेगानं घरं उठताहेत, ते पाहता तो सत्य-असत्याच्या प्रश्नाइतकाच तातडीचा आहे, असं माझं नम्र मत आहे.

रीतसर पद्धत अशी: आर्किटेक्टनं आधी जागा, माती, उतार, ऊन-वारा पाहावा. घरच्यांच्या गरजा ऐकून कच्चा आराखडा काढावा. तो पसंत पडला की मंजुरीचे नकाशे, अंदाजपत्रक, आरसीसीचा हिशेब. मग ठेकेदार, मग फक्की टाकून आखणी, आणि शेवटपर्यंत देखरेख. आमची पद्धत जरा सुटसुटीत. आधी नारळ फुटतो, मग पाया खणला जातो. नकाशा मधेच केव्हातरी, बँकेनं कर्जासाठी मागितला की, अवतरतो. पुढं वास्तुशास्त्रवाला जिना फिरवतो, मेहुणा स्वयंपाकघर फिरवतो आणि घरमालकीण त्या दोघांना फिरवते. शेवटी जे उभं राहतं, त्याचा आणि नकाशाचा जुळतो तो फक्त गट नंबर.

आता दुसरं टोक पाहा. कोल्हापूरचा नवा राजवाडा 1877 ते 1884 या काळात बांधला गेला. काळा घडीव दगड, मधोमध अष्टकोनी मनोरा. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनियरचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचाही मूळ आराखडा त्याचाच. ही कामं चालू असतानाच, 1881 मध्ये, तो वारला. सांगतात ते असं की, आपला हिशेब चुकला, आता इमारती कोसळणार, या धसक्यानं अखेरीस त्याचं मन भ्रमलं होतं. बडोद्याचं काम पुढं चिझम यानं 1890 मध्ये पुरं केलं. मधल्या काळात, 1967 च्या डिसेंबरात, कोयनेचा भूकंपही होऊन गेला. दोन्ही राजवाडे अजून उभे आहेत.

आमचा वरचा मजला बांधणाऱ्या गवंड्याला मी हे सांगितलं. तो हळहळला. "म्हंजे उगंच झुरला की बिचारा! मला बगा, पाठ टेकली की डोळा लागतोय." त्या रात्री माझा काही लागला नाही.

कोण बरोबर? सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजानं हा प्रश्न एका फटक्यात सोडवला होता: घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. आपला 1972 चा कायदा मवाळ. नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, एवढं तो बजावतो. पाटी कुणी लावायची हे कायदा सांगेल. जागं कुणी राहायचं, हे कसं सांगणार?

आणि कुणीतरी राहायला हवंच. रोग्याला निदान डॉक्टर बदलता येतो. पण घर टिकतं पन्नास-साठ वर्षं. त्या छताखाली उद्या जो नातू झोपणार, त्यानं ना नकाशा पाहिला, ना करारावर सही केली. सळई बारीक घालून वाचवलेले पैसे आजोबांच्या खिशात, आणि धोका नातवाच्या डोक्यावर! त्याच्या वतीनं चिंता करणं, हाच खरा या धंद्याचा धर्म.

मात्र ती वेळेवर करावी. ओळंबा हातात आहे, सळया उघड्या दिसताहेत, तोवर केलेली चिंता भिंत सरळ करते. नंतर अंथरुणात केलेली चिंता फक्त माणूस वाकवते. मँटचं तेच झालं असावं. उलट, दिवसा ज्याला काळजी नाही, त्याची रात्रीची झोप दुसऱ्याच्या खात्यातून काढलेली असते.

आपली भाषा या बाबतीत शहाणी आहे. स्लॅब ओतला तरी आपण 'पडला' म्हणतो आणि कोसळला तरी 'पडला'च. पहिल्यांदा पडायच्या आदल्या रात्री ज्याची झोप उडते, त्याचा स्लॅब सहसा दुसऱ्यांदा पडत नाही.