पाकिटावर लिहिलेले नाव

महिन्याचा पगार किंवा दुकानाची मिळकत घरात आली, की काही घरांतील गृहिणी ती रक्कम मोजून निरनिराळ्या पाकिटांत ठेवतात. एका पाकिटावर घरभाडे लिहिलेले असते, दुसऱ्यावर किराणा, तिसऱ्यावर मुलांची फी, चौथ्यावर औषधपाणी. ज्या पाकिटातील पैसा संपला, त्या बाबीवरचा खर्च त्या महिन्यापुरता थांबला, एवढाच या पद्धतीचा नियम. आपल्या आजीकडे पाकिटे नव्हती. डाळ-तांदळाचे डबे होते आणि पदराची गाठ होती. काम मात्र तेच होते. आज मोबाईलवर बोट टेकविले की पैसा निघून जातो आणि हाताला त्याचे वजन जाणवत नाही. म्हणूनच रोख रक्कम मोजून ठेवण्याची ही जुनी रीत अनेकांना पुन्हा जवळची वाटू लागली आहे.

हा तर निव्वळ हिशेबाचा विषय, धर्माशी त्याचा संबंध काय, असे आपणास वाटेल. परंतु आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे की, कयामतच्या दिवशी ज्या प्रश्नांची उत्तरे दिल्याविना माणसाचे पाय जागचे हलणार नाहीत, त्यांत संपत्तीविषयीचे प्रश्न दोन आहेत: ती कोठून मिळविली आणि ती कशात खर्च केली. पहिल्या प्रश्नाची आपण थोडीफार काळजी वाहतो, कमाई हलाल आहे की हराम हे विचारतो. दुसरा प्रश्न मात्र आपण आपली खासगी बाब समजून बाजूला सारतो.

काही बंधू म्हणतात, अन्नदाता अल्लाह आहे. मग उद्याच्या खर्चाची पाकिटे आजच भरून ठेवणे हे तवक्कुलच्या, म्हणजे अल्लाहवरील भरवशाच्या, विरुद्ध नाही काय? या शंकेचे उत्तर प्रेषितांच्या घरातच मिळते. सहीह बुखारीत नोंद आहे की, बनू नजीरच्या खजूरबागांच्या उत्पन्नातून प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची बेगमी करून ठेवीत. हजरत यूसुफ (अ.) यांनीही सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाची तरतूद करविली. तेव्हा तरतूद करणे हे श्रद्धेला बाधक नाही. पण चित्राची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. वर्षाची बेगमी करणाऱ्या त्याच प्रेषितांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे चिलखत जवाच्या मोबदल्यात गहाण होते. भाष्यकार या दोन्ही गोष्टींचा मेळ असा घालतात की, ते साठा करीत, पण गरजू दाराशी आला की त्याच साठ्यातून देत. साठा होता, साठ्याचा मोह नव्हता. पाकिटांची रीत इस्लामी आहे की नाही, हे पाकिटे भरण्यावरून ठरत नाही. ती उघडण्याची आपली तयारी किती, यावरून ठरते.

आता खरा प्रश्न. दानाचे पाकीट कधी भरावे, सर्वांत आधी की सर्वांत शेवटी? काय खर्च करावे असे लोकांनी विचारले, तेव्हा सूरह अल्-बकरामध्ये (2:219) उत्तर आले ते गरजेपेक्षा जे अधिक असेल ते, या आशयाचे. सूरह अल्-मआरिजमध्ये (70:24-25) मात्र श्रद्धावंतांच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा एक ठरलेला हक्क सांगितला आहे. एकीकडे ‘उरलेले’, दुसरीकडे ‘ठरलेले’. प्रथमदर्शनी या दोहोंत अंतर भासते.

थोडा विचार केला की हे अंतर मिटते. गरजेपेक्षा अधिक काय, हे कळण्यासाठी गरजेला आधी सीमा हवी. सीमा नसेल तर गरज मिळकतीइतकीच फुगते: बारा हजारांत भागविणारे घर वीस हजारांतही जेमतेम भागविते आणि ‘उरत काहीच नाही’ हे वाक्य दोन्ही वेळा तितक्याच प्रामाणिकपणे उच्चारते. पाकिटावर नाव आणि आकडा लिहिणे म्हणजे गरजेला सीमा घालणे. ती सीमा आखली की उरलेले डोळ्यांना दिसते आणि जे दिसते तेच ठरविता येते. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये एका शेतकऱ्याची हकीकत आहे. त्याच्या बागेवर पाऊस पाडण्याचा आदेश ढगाला नाव घेऊन दिला गेला. तू असे काय करतोस, असे विचारता त्याने सांगितले की, बागेचे उत्पन्न हाती आले की मी त्याचे तीन भाग करतो: एक सदक्यासाठी, एक माझ्या कुटुंबाच्या पोटासाठी आणि एक पुन्हा बागेसाठी. त्याचे दान महिनाअखेरच्या शिल्लकीवर सोडलेले नव्हते. उत्पन्न येताच त्याची वाटणी होत असे.

येथे एक सावधानता हवी. पाकिटात ठेवणे म्हणजे देणे नव्हे. हनफी फिकहनुसार जकातची रक्कम नुसती वेगळी काढल्याने जकात अदा होत नाही. ती हक्कदाराच्या हाती पोहोचली पाहिजे. ते पाकीट हरवले तर जबाबदारी उतरत नाही. तसेच किराण्यातले दोनशे रुपये औषधाकडे वळविणे ही घरातील सोय आहे. पण शेजारणीने विश्वासाने ठेवावयास दिलेली रक्कम, किंवा मशिदीसाठी जमा केलेली वर्गणी, ‘पहिल्या तारखेला परत ठेवू’ म्हणून वापरणे हा अमानतीचा भंग आहे. पाकिटे दिसावयास सारखी असली तरी सर्वांतील पैसा सारखाच आपला नसतो.

या पद्धतीत आणखी एक धोका आहे: काटकसरीचे रूपांतर कंजूषपणात होण्याचा. हात मानेला बांधून ठेवू नये आणि पुरता मोकळाही सोडू नये, ही सूरह बनी इस्राईलची (17:29) शिकवण आहे. काही पती पाकिटे पत्नीच्या हाती देतात आणि मग रुपया-रुपयाचा जाब मागून तिचा मान हिरावून घेतात. हजरत हिंद (रजि.) यांनी तक्रार केली होती की, पती पुरेसे देत नाही. त्यावर प्रेषितांनी त्यांना, स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके पतीच्या मालातून घेण्याची परवानगी दिली. कुटुंबावरील खर्च हे उपकार नव्हेत. तो कुटुंबाचा हक्क आहे, आणि सद्हेतूने केला तर ते पुण्यही आहे. म्हणून आकडे पती-पत्नीने एकत्र बसून ठरवावेत. समजत्या मुलांनाही जवळ बसवावे. आपल्या चपलांचे पैसे या महिन्यात का नाहीत, हे ज्या मुलाला कळते, तो हट्ट कमी करतो.

आणि महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, पाकिटे रिकामी झालेली असताना, शेजारी आजारी पडला तर? ‘या महिन्याचे पाकीट संपले’ असे त्याला सांगावयाचे काय? अशा प्रसंगासाठी अडीअडचणीचे एक पाकीट आधीच असावे. त्याचा दुहेरी लाभ आहे: शेजाऱ्याच्या उपयोगी पडता येते आणि स्वतःवर वेळ आली तर व्याजाच्या कर्जाचे दार ठोठवावे लागत नाही. तेही रिकामे असेल, तर प्रेषितांनी हजरत अबू जर (रजि.) यांना केलेला उपदेश आठवावा: रस्सा शिजविताना पाणी थोडे अधिक घालावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. पैसा संपला म्हणून माणुसकी संपत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, पुढील मिळकत हाती येईल तेव्हा सहा-सात पाकिटे घेऊन बसा. प्रत्येकावर नाव लिहिताना स्वतःला विचारा, यातील पैसा कोणाचा? माझ्या मुलांचा, घरमालकाचा, दुकानदाराचा, आजारी मावशीचा, की दाराशी येणाऱ्या अनोळखी माणसाचा? प्रामाणिकपणे उत्तर दिलेत, तर बहुतेक सर्व पाकिटांवर दुसऱ्याच कोणाचे तरी नाव निघेल. आपण केवळ वाटप करणारे आहोत, आणि वाटप करणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब अल्लाहने आपणा सर्वांवर सोपा करावा. आमीन.