हातांची भाषा आणि कागदावरची इंग्रजी

1770च्या दशकात पॅरिसमध्ये आबे द लेपे हे धर्मगुरू आपल्या कर्णबधिर विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं लोकांसमोर भरवत. ते हातांनी खुणा करत आणि मुलं बिनचूक फ्रेंच लिहून दाखवत. लिंग, वचन, काळ, कशातच चूक नसे. पाहणारे थक्क होऊन जात. पण हीच मुलं स्वतःच्या मनातलं लिहायला बसली की अडत. पुढे लेपेंनी आपले शिष्य सिकार यांना पत्रातून कळवलं, की मुलं आपले विचार स्वतः लिहून मांडतील अशी आशा धरू नका.

असं का व्हावं? लेपेंनी मुलांच्या खुणा शिकून घेतल्या होत्या, हे त्यांचं मोठेपण. मात्र त्या खुणांना त्यांनी फ्रेंच व्याकरणाच्या साच्यात बसवलं. 'विश्वास ठेवणे' या एका क्रियापदासाठी मनाने होकार, हृदयाने होकार, तोंडाने होकार आणि डोळ्यांनी न पाहणं, अशा खुणा एकामागून एक करायच्या आणि वर काळाची खूण लावायची. मुलांच्या हातून उमटत होतं ते फ्रेंचचं श्रुतलेखन. स्वतःच्या भाषेत समजून घेऊन लिहिलेलं त्यात काही नव्हतं. ही चूक पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवली शिक्षक ओग्युस्त बेबियान यांनी. मुलं आपसांत ज्या खुणा करतात त्यांनाच शिकवण्याचं माध्यम करा, असं ते 1817पासून सांगत होते. मला आजही या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा माणूस तोच वाटतो.

त्याच्या आदल्याच वर्षी लोराँ क्लेर हे पॅरिसच्या शाळेतले कर्णबधिर शिक्षक अमेरिकेत पोहोचले होते आणि आता थॉमस गॅलोडे यांच्यासोबत हार्टफर्डची शाळा सुरू करत होते. कर्णबधिर मुलांना कर्णबधिर शिक्षक शिकवतो, ही गोष्ट तिथे पुढची काही दशकं सहज मानली गेली. मग 1880मध्ये मिलानला शिक्षकांची परिषद भरली. तिथल्या प्रतिनिधींत कर्णबधिर जवळपास नव्हतेच. मुलांना बोलायलाच शिकवावं, खुणा बाजूला ठेवाव्यात, असा ठराव तिथे झाला. इंग्रजीचा तास त्यानंतर उच्चाराचा तास होऊन बसला. ओठांवरून पाहिलं तर 'पॅट', 'बॅट' आणि 'मॅट' एकसारखेच दिसतात. जे डोळ्यांना वेगळं दिसतच नाही ते ओळखण्यात वर्षं जात, आणि वाचायला, लिहायला, गोष्ट समजायला वेळ उरत नसे.

मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली ती 1885 साली, म्हणजे मिलाननंतर पाचच वर्षांनी. आपल्याकडच्या शाळांनी तोच वारा घेतला आणि तो पुढे फार काळ टिकला. वर्गात हात मांडीवर ठेवायचे, साइन, म्हणजे खुणांची भाषा, करायची ती मधल्या सुट्टीत, वसतिगृहात नाहीतर मैदानावर. भारतीय सांकेतिक भाषा जगली, वाढली ती अशा जागांमध्ये. शाळेच्या आधाराने ती वाढली नाही, तरी ती आज इतकी समृद्ध आहे, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

खुणांविषयीच्या कल्पनेने खरी कूस बदलली ती इंग्रजीच्याच एका प्राध्यापकामुळे. विल्यम स्टोकी 1955मध्ये वॉशिंग्टनच्या कर्णबधिरांसाठीच्या गॅलोडे कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले. वर्गात शिक्षक बोलता बोलता खुणा करत. विद्यार्थी आपसांत करत त्या खुणांचा बाज निराळाच होता. स्टोकींनी त्या बारकाईने पाहिल्या. हाताचा आकार, जागा आणि हालचाल, अशा घटकांतून प्रत्येक खूण घडते, जशी आवाजांतून शब्द घडतो, असं त्यांनी 1960मध्ये दाखवून दिलं. सहकाऱ्यांनी त्यांची थट्टा केली. पण खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, हे त्यानंतर नाकारता येईना.

आणि तरीही शाळांनी पुन्हा लेपेंचीच वाट धरली. 1970च्या दशकात अमेरिकेत इंग्रजीच्या प्रत्येक तुकड्यासाठी खूण ठरवण्यात आली: 'आयएनजी'ला एक, 'ईडी'ला एक. हेतू चांगलाच होता, मुलांना इंग्रजी डोळ्यांनी दिसावी. पण त्याच सुमारास उर्सुला बेलुगी आणि सुसान फिशर या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा दिसलं की एक खूण करायला एका शब्दाच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, आणि तरी पूर्ण आशय सांगायला दोन्ही भाषांना वेळ सारखाच लागतो. कारण खूण एकाच वेळी अनेक गोष्टी सांगते. इंग्रजी शब्दाला शब्द हातांनी करायची तर बोलणं रखडतं. घाईत शिक्षक शब्दांची ही शेपटं गाळतो, आणि नेमकी तीच शिकवायची असतात!

मग साइनमधून इंग्रजी शिकवायची कशी? एक वाक्य घेऊ. मांजराने भिंतीवरून उडी मारली. साइन करणारा डावा हात छातीसमोर आडवा धरतो, ती भिंत. उजव्या हाताची वाकवलेली दोन बोटं त्यावरून झेपावून पलीकडे उतरतात. उडी, भिंत, वरून, पलीकडे, सगळं त्या एका हालचालीत आलं. चांगला शिक्षक इथे हात भिंतीच्या वर मध्येच थांबवतो आणि फळ्यावरच्या वाक्यात 'ओव्हर'वर बोट ठेवतो. मग बोटं भिंतीवर चढवून तिथेच थांबवतो आणि 'ऑन' लिहितो. भिंतीच्या कडेकडेने चालवतो आणि 'अलाँग' लिहितो. साइनने एका झटक्यात सांगितलेलं इंग्रजी सुटं करून एका रांगेत कसं मांडते, यावर शिक्षक आणि मूल साइनमध्येच गप्पा मारतात. इथे हातांनी इंग्रजीची नक्कल होत नाही, इंग्रजीविषयी बोलणं होतं. माझ्या मते अडीचशे वर्षांच्या या प्रवासातून हाती लागलेली गोष्ट हीच आहे.

आपल्या मुलांना तर याची गरज जास्त. भारतीय सांकेतिक भाषेत 'काय', 'कुठे' हे प्रश्न आणि 'नाही' साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतात, मराठीला जवळचेच. इंग्रजीत प्रश्न पुढे उडी मारतो आणि नकार मध्ये घुसतो. 'अ' आणि 'द'ला तर साइनमध्ये जागाच नाही. झालेल्या गोष्टीसाठी साइनमध्ये 'झालं' अशी वेगळी खूण असते. तिथून 'वेंट' आणि 'हॅज गॉन' यांतला फरक समजावता येतो, पण समजावणाऱ्याला दोन्ही भाषा मुळातून यायला हव्यात. म्हणून शिक्षक स्वतः कर्णबधिर असेल तर फार फरक पडतो. इंग्रजी कुठे अडते हे त्याने भोगलेलं असतं. सांकेतिक भाषांच्या अभ्यासक उलरिके झेशान यांच्या पुढाकाराने 2015मध्ये भारत, घाना आणि युगांडा इथे सुरू झालेल्या प्रकल्पात कर्णबधिर तरुणांनीच कर्णबधिरांना इंग्रजी शिकवली, तीही पाठ्यपुस्तकातून नाही, तर रोज समोर येणाऱ्या मजकुरातून.

2020मध्ये एनसीईआरटीने भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राशी करार केला, पाठ्यपुस्तकं साइनमध्ये आणण्यासाठी. विज्ञानाच्या धड्याला हे पुरेल. इंग्रजीच्या धड्याची गोष्ट नुसती साइनमध्ये सांगितली तर मुलाला गोष्ट कळेल, इंग्रजी आहे तिथेच राहील. आणि साइनच नीट येत नसेल तर तेही व्हायचं नाही. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, घरात साइन कुणालाच येत नाही. सहा वर्षांचं मूल एकही भाषा पुरती न घेता शाळेत आलं, तर शिक्षकाने त्याला इंग्रजी समजवायची कशातून? तपासणीनंतर आईवडिलांच्या हाती श्रवणयंत्राची चिठ्ठी पडते, ती पडावीच. साइन कुठे आणि कुणाकडे शिकता येईल, याचा पत्ताही त्यांना त्याच दिवशी, त्याच टेबलावर मिळाला पाहिजे.