ताटीच्या बाहेर कोण उभं आहे?



काल ऑफिसला निघालो तेव्हा नेरूळमधल्या एका कॉलेजच्या गेटवर बॅनर दिसला. रॅगिंगविरोधी सप्ताह, १२ ते १८ ऑगस्ट, आणि खाली हेल्पलाइन: १८००-१८०-५५२२. यूजीसीने हा आठवडा ठरवून दिलाय, त्यामुळे दर वर्षी पोस्टर स्पर्धा, पथनाट्य, शपथ असं सगळं होतं. गोकुळाष्टमीही याच सुमारास येते, आणि परंपरेने माऊलींचा जन्मदिवसही तोच. म्हणून ऐरोलीपर्यंतच्या ट्रेनमध्ये रोजचं वाचन बाजूला ठेवून ताटीचे अभंग उघडले.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, म्हणून आळंदीने त्या घराला वाळीत टाकलं. आईवडिलांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं तरी मुलांवरचा 'संन्याशाची पोरं' हा शिक्का पुसला गेला नाही. एक दिवस ज्ञानदेव भिक्षेला गेले असताना कुणीतरी जिव्हारी लागेल असं बोललं. ते घरी आले आणि झोपडीची ताटी आतून लावून बसले. ज्ञानेश्वर दार लावून बसले, हे वाचताना आपण पटकन पुढे जातो. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. त्यांनाही लागलं होतं.

बाहेर मुक्ताई उभी राहिली. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२७५चा, तिचा १२७९चा, म्हणजे चार वर्षांनी धाकटी. ती दादाला समजावते: आपलेच दात आपल्या जिभेला लागले म्हणून कुणी दात पाडून टाकतं का? लोक रागाने पेटले असतील तर संताने शांत व्हावं. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी तीच विनवणी, दार उघडा.

आता माझं एक मत सांगतो, पटलं तर घ्या. या अभंगांचा आपण फार सोयीस्कर अर्थ लावतो. कुणाला त्रास झाला की लगेच 'सहन कर, संतांनी नाही का सहन केलं' म्हणून मोकळे होतो. पण मुक्ताई कोण होती? तेच टोमणे तिनेही ऐकले होते. त्याच वाळीत टाकलेल्या घरातली ती. तिने सहन करायला सांगितलं ते स्वतः ताटीला टेकून, दादा बाहेर येईपर्यंत तिथून न हलता. टोमणे मारणाऱ्यांपैकी कुणी येऊन हेच शब्द बोललं असतं, तर ते अभंग झाले नसते.

हे मी एवढ्या खात्रीने म्हणतोय, कारण मी तसा येऊन बोललोय.

२००९. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. प्रवेशाच्या कागदांमध्ये रॅगिंग करणार नाही असं शपथपत्र होतं, माझी आणि बाबांची सही. माझा रूममेट हिंगोली जिल्ह्यातला. तो 'काय करायलास?' म्हणायचा आणि मी त्याची नक्कल करायचो. नक्कल मला फार छान जमायची, अख्खी विंग हसायची. मेसमध्ये फर्माईश व्हायची. एका रविवारी त्याने खोलीला आतून कडी लावली. मी दार वाजवलं, कारण दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगचं सबमिशन होतं आणि माझा ड्राफ्टर आत होता. "अरे मस्करी होती, मनावर घेऊ नको," असं म्हणालो, तेही त्याच्याच हेलात, कारण मागे चारजण उभे होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. महिनाभराने त्याच्या कॉटवर मी माझी बॅग ठेवायला लागलो.

आम्ही एकाच वर्षाचे, मारहाण नाही, पैसे उकळणं नाही, म्हणून त्याला रॅगिंग म्हणतात हे माझ्या डोक्यातही आलं नाही. यूजीसीचे नियम त्याच वर्षीचे. शब्दांनी केलेली चेष्टा, आणि ती कुठल्याही विद्यार्थ्याची, त्यात तेव्हाही होती. २०१६च्या दुरुस्तीने भाषा, गाव, दिसणं, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला छळ आणि एकटं पाडणंही स्पष्टपणे रॅगिंगमध्ये घातलं. एकटं पाडणं म्हणजे आळंदीचं वाळीत टाकणंच ना!

या कथेत माझ्यासारख्याचीही एक जागा आहे. विसोबा. या भावंडांना छळणारा, मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभारांना बजावणारा. ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजलेले पाहिल्यावर तो पायांवर पडला असं परंपरा सांगते, आणि पुढे तोच विसोबा खेचर नामदेवांचा गुरू झाला. भावंडांनी त्याला दूर लोटलं नाही. पण आधी तो त्यांच्या दारापर्यंत गेला होता, हेही आहेच.

ज्यांनी एवढं ऐकून घेतलं, त्यांनीच १२९०मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना ते बोलण्याबद्दल काय म्हणतात बघा: अहिंसक माणसाची माया आधी पोचते आणि शब्द मागून येतात. माझ्या दारावरच्या थापेत माया नव्हती, ड्राफ्टर होता.

तुमच्या क्लासच्या ग्रुपमध्ये कुणाच्या फोटोचा स्टिकर फिरत असेल आणि तो मुलगा गप्प झाला असेल, तर हसण्याचा इमोजी टाकू नका, आणि तेवढ्यावर थांबूही नका. त्याच्या घरी जा. तो दहा मिनिटं काही बोलला नाही तरी बसा. शाळेतलं पोर असेल तर त्याच्या आईबाबांना सांगा, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर द्या. शांत राहायला सांगायचं काम नंतरचं, आणि ते आपलं आहेच असं नाही.

त्याचा नंबर जुन्या बॅचमेटकडून मिळाला. मेसेज तीनदा लिहिला. पहिल्या दोन्ही वेळा त्यात 'मस्करी' हा शब्द आला होता, तो काढला. काल रात्री पाठवला. उत्तर द्यायचं की नाही, हे त्याच्यावर आहे.

उद्या पुन्हा नेहमीच्या वाचनाकडे. राम कृष्ण हरी.