नवा मालमोटार-चालक: थांबावें कीं पळावें?

आमच्या खेड्यांतील पुष्कळ तरुण हल्लीं मालमोटारीवर जातात. जेथें पाऊस बेभरंवशाचा आणि जमीन थोडी, तेथें हा धंदा लवकर हाताशीं येतो. कायद्याप्रमाणें मालवाहू गाडी चालविणाराचें वय निदान २० वर्षांचें असावें लागतें, आणि हलक्या गाडीचा परवाना एक वर्ष जवळ असल्यावांचून ती शिकण्याचा परवाना मिळत नाहीं. पूर्वीं आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ सालीं काढण्यांत आली, त्यामुळें ज्यांची शाळा लवकर सुटली त्यांसही ही वाट मोकळी झाली. चालक होण्यापूर्वीं मुलगा बहुधा क्लीनर म्हणून जातो. ताडपत्री कशी ओढावी, दोर कोठें आंवळावा, टायरवर सळई मारून आवाजावरून हवा कशी ओळखावी, घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरांत कां ठेवावी, हें सर्व तो उस्तादाच्या हाताखालीं शिकतो. ह्या शिक्षणाविषयीं आम्हांस आदर आहे. कित्येक पदवीधरांस इतकें पक्कें शिक्षण मिळत नाहीं.

परंतु ह्याच उस्तादाकडून तो आणखी एक गोष्ट शिकतो, आणि ती कोणत्याही परीक्षेंत विचारली जात नाहीं. "रस्त्यांत कोणी सांपडलें तर गाडी थांबवूं नको. लोक जिवंत सोडणार नाहींत." हें सांगणारा मनुष्य दुष्ट असतो असें कोणीं समजूं नये. तो बहुधा क्लीनरास आधीं जेवूं घालून मग आपण जेवणारा, घरीं लेकरेंबाळें असलेला, आयुष्य रस्त्यावर काढलेला मनुष्य असतो. शिष्याचा जीव वांचावा म्हणूनच तो हें सांगतो. तेव्हां हा प्रश्न वाईट माणसांविषयींचा नव्हे. चांगल्या माणसानें चांगल्या हेतूनें दिलेला सल्ला पाळावा कीं मोडावा, असा तो आहे. आणि एकविशीच्या मुलास तो रात्रीच्या वेळीं, एकट्यानें, एका क्षणांत सोडवावा लागतो.

प्रश्न लहान नाहीं. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ३०,४८६ माणसें अशा अपघातांत मेलीं कीं, ज्यांत धडक देणारा निघून गेला. हे निघून गेलेले सर्वच मालमोटारवाले नव्हते, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे; मोटारगाडीवाले आणि दुचाकीवालेही पळतात. तथापि प्रस्तुत लेख मालमोटारीच्या नव्या चालकाविषयीं आहे.

कायद्याची हकीगत थोडक्यांत अशी. जुन्या दंडसंहितेंत हयगयीनें कोणाचा मृत्यू घडविल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. डिसेंबर २०२३ मध्यें संसदेनें भारतीय न्याय संहिता मंजूर केली. तिच्या १०६ व्या कलमांत ही शिक्षा पांच वर्षांपर्यंत नेली, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमांत असें घातलें कीं, बेदरकारपणें गाडी चालवून मृत्यू घडविणारा जर पोलिसांस किंवा दंडाधिकाऱ्यास लगेच न कळवितां पळून गेला, तर त्यास दहा वर्षांपर्यंत कैद व दंड व्हावा. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशीं देशांत ठिकठिकाणीं चालकांनीं गाड्या उभ्या केल्या. महाराष्ट्रांतही पेट्रोलपंपांपुढें रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशीं गृहखात्यानें वाहतूकदारांच्या संघटनेशीं बोलणें केलें, आणि १ जुलै २०२४ रोजीं बाकीची संहिता अंमलांत आली तेव्हां हें उपकलम तेवढें बाजूस ठेवण्यांत आलें. चालकांचें म्हणणें असें होतें: थांबलों तर जमाव मारतो, निघालों तर दहा वर्षें आंत. ह्या म्हणण्यांत भीति खरी आहे. जमावानें चालकांस ठार मारल्याचे प्रसंग घडलेले आहेत, आणि ज्याचा पगार बेताचा त्यास दहा वर्षांचा तुरुंग म्हणजे कुटुंबाचा सर्वनाश होय. पण भीति खरी आहे एवढ्यावरून पळणें योग्य ठरतें काय? आमच्या मतें येथें तीन निराळ्या गोष्टी एकांत मिसळल्या जातात: दोष, भय आणि कर्तव्य.

प्रथम दोषाचें पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सोळा मीटरांहून अधिक पुढें जाते. डोळ्यांनीं पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत निदान तेवढें अंतर संपलेलें असतें, आणि माल भरलेली गाडी त्यानंतरही लगेच उभी राहत नाहीं. तिन्हीसांजेच्या वेळीं मागें दिवा नसलेली उसाची गाडी असेल, शेळीमागें धांवणारें मूल असेल, तर चालकाचा कांहींएक दोष नसतांही मनुष्य चाकाखालीं येऊं शकतो. आपल्याकडे मोठ्या गाडीवाल्यास न विचारतां दोषी धरण्याची जी रीत आहे, ती अन्यायाची आहे. म्हणून चालक मनांत म्हणतो, "माझा दोष नाहीं, मग मीं कां सांपडावें?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो प्रश्न ज्यास विचारावयाचा तो न्यायाधीश होय, रस्त्यावर पडलेला मनुष्य नव्हे. विहिरींत कोणी पडला तर काठावरचा मनुष्य, ह्यास कोणीं ढकललें, ह्याची चौकशी आधीं करीत नाहीं. जखमीस मदत करण्याचें कर्तव्य दोषांतून उत्पन्न होत नाहीं. तें जवळ असण्यांतून उत्पन्न होतें, आणि चालकाइतका जवळ त्या क्षणीं दुसरा कोणी नसतो.

शोमरोनी मनुष्याची कथा आमच्या वाचकांस पाठ आहे. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत जें १३४-अ हें नवें कलम आलें, त्याच्या शीर्षकांत ह्याच शोमरोन्याचें नांव आहे. अपघातांतील जखमीस मदत करणारावर पोलिसांनीं किंवा इस्पितळानें ओझें टाकूं नये, असें तें सांगतें. त्यापूर्वीं मार्च २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही ह्या बाबतींत सरकारचे नियम बंधनकारक ठरविले होते. परंतु शोमरोनी वाटसरू होता. त्यानें त्या मनुष्यास इजा केली नव्हती, आणि त्याजवर कोणी संशयही घेतला नाहीं. चालकाची परीक्षा ह्याहून कठीण आहे. ज्याच्या गाडीनें जखम झाली त्यानेंच जखम बांधावयाची, आणि तीही आपल्यावर आळ येईल हें जाणून. म्हणून आम्ही त्यास त्या कथेचा दाखला देऊन गप्प बसविणार नाहीं.

मात्र एक गोष्ट त्यास सांगूं. दोष नसतां जो पळतो, तो स्वतःच्या हातानें दोष विकत घेतो. अपघात कदाचित् त्यानें केला नव्हता. पळणें मात्र त्यानेंच केलें.

आतां भय. आम्ही कोणासही जमावाच्या हातीं जाऊन मर असें सांगत नाहीं, आणि कायदाही सांगत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १३४ वें कलम पुष्कळ चालकांनीं वाचलेलें नसतें, पण तें त्यांच्या हिताचें आहे. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठीं चालकानें योग्य ती खटपट करावी, असें तें म्हणतें. पण जमावाच्या प्रक्षोभामुळें तसें करणें शक्य नसेल तर त्यास सूट देतें, आणि पोलिसठाण्यांत शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आंत, वर्दी द्यावी असें ठरवितें. म्हणजे कायदा करणारांनींही जमाव डोळ्यांपुढें ठेवला होता. जागा सोडणें एक आणि गोष्ट लपविणें दुसरें. दोन्ही वेळां चाकें सारखींच फिरतात. फरक इतकाच कीं, एक गाडी जवळच्या ठाण्यापाशीं जाऊन उभी राहते आणि दुसरी पुढच्या ढाब्यावर बंपर धुऊन घेते. ११२ ह्या क्रमांकावर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका आणि राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ वर महामार्गाची मदत मिळते. फोन करण्यास गाडीखालीं उतरावें लागत नाहीं. कायद्यानें दुखापतीनंतरच्या पहिल्या तासास विशेष महत्त्व दिलें आहे, कारण वेळींच उपचार झाल्यास मृत्यू टळण्याचा संभव त्या तासांत अधिक असतो.

आणि एक गोष्ट उस्तादाच्या सल्ल्यांत कधींच नसते. रात्रीं दोन वाजतां माळरानावर जमाव कोठून येणार? तेथें पडलेल्या मनुष्याजवळ चालक आणि क्लीनर ह्यांवांचून तिसरा जीव नसतो. जमावाच्या भयासाठीं केलेला नियम, जेथें जमाव नाहीं तेथेंही पाळला जातो, आणि तेथेंच त्याचें खरें रूप उघडें पडतें. तेथें तो भयाचा नियम राहत नाहीं, सोयीचा होतो.

कोणी म्हणेल, मेलेला तर मेलाच, आतां थांबून काय उपयोग? उपयोग त्याच्या विधवेस आहे. गाडीचा शोध लागला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें जाऊन, मेलेल्याचें वय व कमाई पाहून, विमा कंपनीकडून भरपाई मिळण्याची वाट असते. तिऱ्हाइताचा विमा प्रत्येक गाडीस सक्तीचा आहे तो ह्यासाठींच. गाडी सांपडलीच नाहीं तर घरच्यांस ठराविक रक्कम मिळते. ती पूर्वीं मृत्यूबद्दल २५,००० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून २ लाख केली आहे. न्यायाधिकरणाचा निवाडा बहुधा ह्याहून पुष्कळ अधिक रकमेचा असतो. पळणारा चालक ही भरपाई विमा कंपनीच्या पेटींत ठेवून जातो. तो पैसा त्याच्या खिशांतून जावयाचाच नव्हता, हें त्यास बहुधा ठाऊकही नसतें. गाडीमालकांनीं हें आपल्या चालकांस पहिल्या दिवशीं सांगावयास पाहिजे. किती सांगतात?

मालकांचा विषय निघालाच आहे तर झोपेविषयींही दोन शब्द लिहितों. २०२५ पर्यंत अंमलांत असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यांत दिवसाचे आठ तास काम आणि सलग पांच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांति, असें होतें. लांब पल्ल्याच्या भाड्यावर हें किती पाळलें जातें तें चालकांच्या डोळ्यांकडे पाहून समजतें. पळणारांपैकीं कित्येक जमावास भिऊन पळत नाहींत. आपण डुलकी घेत होतों किंवा प्यालों होतों हें ठाऊक असल्यामुळें पळतात. जो रात्रीं गाडी बाजूस घेऊन झोपला, त्यास सकाळीं थांबणें सोपें जातें. मालाची वेळ चुकल्याबद्दल जो मालक पगार कापतो, तो ह्या पापाचा अर्धा वांटेकरी आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां, वाचकहो, आपल्याकडे वळूं. हा लेख वाचणारांत मालमोटार चालविणारे थोडे, रस्त्याकांठीं राहणारे पुष्कळ. जमाव म्हणून ज्याचें भय घातलें जातें तो कोण आहे? तो आपणच आहों. आपल्या फांट्यावर अपघात झाला म्हणजे दगड उचलणारे हात आपल्याच आळींतले असतात. उलटलेल्या गाडींतील कांदे, तेलाचे डबे घरीं नेणारेही आपल्याच ओळखीचे असतात, आणि त्या वेळीं चालक स्टिअरिंगमागें अडकून ओरडत असला तरी डबे आधीं हालतात. चालक पळतो म्हणून लोक चिडतात, आणि लोक मारतात म्हणून चालक पळतो. हें रहाट कोणीं आधीं थांबवावें? आम्हांस वाटतें, आधीं लोकांनीं थांबवावें. लोक पुष्कळ आहेत, आपल्या गांवांत आहेत, त्यांच्या जिवास धोका नाहीं. चालक एकटा आहे, परक्या मुलुखांत आहे, आणि कित्येकदां त्यास गांवची बोलीही समजत नाहीं. बळकटानें आधीं हात खालीं घ्यावा हें न्यायाचें आहे.

ह्यास मोठी सभा भरवावी लागत नाहीं. पोलीस पाटील, शाळामास्तर, मंडळीचे वडील किंवा उपदेशक, अशा चार माणसांनीं आधींच ठरवून ठेवावें कीं, आपल्या शिवारांत असा प्रसंग आला तर दोघांनीं जखमीस पाहावें आणि दोघांनीं चालकास ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलींत बसवून पोलीस येईपर्यंत दाराशीं उभें राहावें. तेथें उभें राहणें सोपें नाहीं. मेलेलें मूल आपल्या भावकींतलें असेल तर आणखीच कठीण. अशा वेळीं आपल्याच माणसांच्या शिव्या खाव्या लागतील, आणि चालक दोषी असेलही. तरी त्याचा निकाल दाराबाहेरच्या काठीनें व्हावयाचा नाहीं.

पहिल्या स्वतंत्र खेपेस मुलगा निघतो तेव्हां बाप त्यास पगार किती, मार्ग कोणता, जेवण कोठें, इतकें सर्व विचारतो. त्याच वेळीं हेंही विचारावें कीं, "बाळा, रस्त्यांत कोणी गाडीखालीं आलें तर तूं काय करशील?" मुलगा कदाचित् उस्तादाचेंच वाक्य म्हणून दाखवील. त्यावर रागावूं नये. क्लीनर सोबत असला तर त्यालाही बोलावून घ्यावें, आणि फोन कोणीं करावयाचा, गाडी कोणत्या ठाण्याकडे वळवावयाची, हें त्या दोघांसमोर बोलून ठेवावें. ते तीन क्रमांक केबिनींत क्लीनरच्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे.