खरे मतन, खोटी सनद

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये मुले जे आकडे भरतात, त्याला खोटे बोलणे म्हणावे काय? प्रश्न किरकोळ वाटेल. समाजापुढे बेरोजगारी, मुलींची गळती, असुरक्षितता असे डोंगराएवढे प्रश्न उभे असताना लंबकाच्या आंदोलनांवर कागद कशाला खर्ची घालायचा, असेही कोणी विचारील. तरीही हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेली मुले आम्ही मोठ्या आशेने शास्त्र शाखेकडे पाठवतो. तिथे पहिल्या काही महिन्यांतच ती ही गोष्ट शिकतात, आणि पुढे न्यूटनचे नियम विसरले तरी ही गोष्ट विसरत नाहीत.

साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. दोऱ्याला धातूचा गोलक बांधायचा, गोलकाच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर एक मीटर ठेवायची, गोलक जरासा बाजूला नेऊन सोडायचा आणि वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. आपल्याकडे हा वेळ 40.2 सेकंदांच्या आसपास यायला हवा. एखाद्या मुलीला तो 40.5 येतो. गणित केले की उत्तर निघते 9.63. पुस्तकात असते 9.8. मग शेजारणीचे जर्नल मागितले जाते किंवा उत्तरापासून उलटे गणित मांडले जाते. 40.5 खोडून 40.1 लिहिले जाते आणि 9.82 असे 'बरोबर' उत्तर तयार होते. फरक अवघा 0.4 सेकंदाचा!

बचाव पक्ष दुबळा नाही, हे आधीच कबूल केले पाहिजे. कॉलेजातली उपकरणे जुनी असतात. एका स्टॉपवॉचमागे चार-चार मुले उभी असतात. शंभरांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे. शिवाय आता प्रवेश नीट आणि सीईटीवर ठरतात, त्यामुळे नाव कॉलेजात आणि मूल क्लासमध्ये अशी स्थिती. प्रयोगशाळेत जर्नल पुरे करण्यापुरतेच जायचे. आमच्याकडून दहावी होऊन गेलेली एक मुलगी जर्नल घेऊन आली होती. तिने जे विचारले ते एखाद्या वकिलालाही सुचले नसते. "सर, किताब में तो नौ पॉइंट आठ है ना? और सच भी वही है। फिर मैं गलत क्यूँ लिखूँ?" फसवणूक व्हायला फसणारा कोणीतरी लागतो. इथे लिहिणाऱ्याला उत्तर माहीत, तपासणाऱ्याला माहीत, आणि उत्तर तर खरेच आहे. मग खोटे कुठे आहे?

याचे उत्तर आम्हांला विज्ञानाच्या पुस्तकात मिळाले नाही, ते आपल्याच घरात होते. हदीसच्या अभ्यासात प्रत्येक कथनाचे दोन भाग पाडतात. मतन म्हणजे मूळ मजकूर, आणि सनद म्हणजे तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला त्याची साखळी. मुहद्दिसांनी शतकानुशतके या साखळीतला एकेक माणूस पारखला. त्यांच्या नोंदींत 'तदलीस' नावाचा एक दोष आहे. आपण जे एखाद्या गुरूच्या तोंडून स्वतः ऐकलेले नाही, ते ऐकल्यासारखे भासवून सांगणे, ही तदलीस. सांगितलेला मजकूर दुसऱ्या मार्गाने खरा ठरला तरी या माणसाचा दोष पुसला जात नाही. मजकूर खरा आहे की नाही हा एक प्रश्न, तू तो ऐकलास की नाही हा दुसरा.

जर्नलमधले 9.8 हे मतन आहे. 40.1 ही सनद आहे. ते लिहिणारी मुलगी जगाविषयी खोटे बोलत नाही, ती स्वतःविषयी खोटे बोलते: मी घड्याळ पाहिले आणि मला हे दिसले. ही शहादत आहे. न्यायालयात आरोपी खरोखरच गुन्हेगार असला, तरी घटनास्थळी नसलेल्या माणसाने 'मी पाहिले' म्हणून दिलेली साक्ष खोटीच असते.

आता मतन तरी कितपत खरे, तेही पाहू. गुरुत्वत्वरण पृथ्वीवर सगळीकडे सारखे नसते. विषुववृत्ताजवळ ते कमी, ध्रुवांकडे जास्त. लंडनला ते 9.81 आहे; मुंबईला 9.79 पेक्षाही किंचित कमी. म्हणजे 9.81 यावे म्हणून आकडे वाकवणारा आपला मुलगा पायाखालच्या जमिनीचे सोडून परक्या मुलखाचे गुरुत्वाकर्षण जर्नलमध्ये उतरवत असतो. तो अचूक मोजता, तर त्याचेच उत्तर पुस्तकापेक्षा अधिक खरे ठरते.

थोरामोठ्यांनाही हा मोह चुकलेला नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवर प्रयोग करून इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजला, 1913 साली आकडा प्रसिद्ध केला आणि 1923 साली त्यांना नोबेल मिळाले. हवेच्या श्यानतेची किंमत किंचित चुकीची धरल्यामुळे त्यांचा आकडा थोडा कमी आला होता. आजच्या एककांत 1.592, खरा 1.602. रिचर्ड फाइनमन यांनी 1974 सालच्या एका भाषणात विचारले की, नंतरच्या शास्त्रज्ञांना हा फरक एकदम का दिसला नाही? त्यांचे आकडे हळूहळू का सरकत गेले? कारण मिलिकनपेक्षा फार वेगळे काही आले, की ते आपल्या प्रयोगात चूक शोधत बसत. जवळपास आले, की फारसे शोधत नसत. प्रयोगशाळा उत्तम, माणसे विद्वान, आणि शेजारच्या जर्नलवर नजर तीच.

याला आपल्याकडे तकलीद म्हणतात. पण तकलीद या शब्दाला शिवी समजणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने प्रकाशाचा वेग, अणूचे वस्तुमान, सूर्याचे अंतर सारे स्वतः मोजून मगच मान्य करावे, असे कोण म्हणेल? ज्याला ज्ञान आहे त्याच्यावर सामान्य माणसाने विसंबणे यात लाज नाही. भौतिकशास्त्राचे बारा आणे तकलीदीवरच शिकले जाते. 'हे मी पुस्तकातून घेतले' असे म्हणणारा मुलगा प्रामाणिक मुकल्लिद आहे. बिघडते ते तकलीदीला तहकीकचा पोशाख चढवला की.

आणि हे ज्या समाजात घडते, त्याच्या जलशांतून इब्न अल-हैसम यांचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. बसऱ्यात 965 च्या सुमारास जन्मलेला आणि 1040 च्या सुमारास कैरोत वारलेला हा माणूस. डोळ्यातून किरण निघतात म्हणून वस्तू दिसते, हे युक्लिड आणि टॉलेमी यांचे मत त्याने खोडून काढले. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणारा उजेड तपासून 'किताब अल-मनाज़िर' लिहिली. जुन्या ग्रंथांवरच्या विश्वासाकडे सत्यशोधकाने संशयाने पाहावे, आणि टीका करताना स्वतःलाही त्या संशयातून वगळू नये, असे तो म्हणे. व्यासपीठावर त्याचे नाव येते, ही अट येत नाही. सगळे विज्ञान आमच्या ग्रंथात आधीच होते असे सांगणारे वक्ते टाळ्या घेतात आणि निघून जातात. (हा रोग एकाच धर्माचा नाही, असो.) त्याच मांडवात बसलेला मुलगा दुसऱ्या दिवशी 40.1 लिहितो. त्याला दोन्हींत विसंगती दिसत नाही, कारण दोन्हीकडे उत्तर आधीच ठरलेले असते.

आणखी एक गोष्ट आहे, ती माध्यमाची. आमची मुले दहावीपर्यंत 'इसराअ' शिकतात, अकरावीत एका उन्हाळ्यात त्याचे 'ॲक्सिलरेशन' होते. 'इनइताफ'चे 'रिफ्रॅक्शन', 'मेयार-ए-हरकत'चे 'मोमेंटम'. शब्द बदलणे फार अवघड नाही, चार महिन्यांत जमते. अवघड आहे ते वाक्य. 40.5 का आले हे सांगायला वाक्य लागते, 40.1 लिहायला लागत नाही. जिची भाषा एकदम काढून घेतली आहे, तिच्याजवळ आकडाच तेवढा उरतो, आणि आकडा उतरवता येतो. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा दार-उल-तर्जुमाने विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणली. 1948 पर्यंत मराठवाडा त्याच संस्थानात होता. ते दिवस परत येणार नाहीत, आणि इंग्रजीवाचून मुलांचे भागणारही नाही. पण प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी दोन वाक्ये मुलांच्या भाषेत बोलू दिली, तर इंग्रजीचे काही बिघडत नाही.

गंमत अशी की या सगळ्यावरचा उपाय अकरावीच्या पुस्तकातच, सुरुवातीच्या मापनाच्या प्रकरणात दिलेला आहे. मापनातल्या त्रुटी. मुले तो भाग परीक्षेपुरता पाठ करतात आणि प्रयोगशाळेत जाताना बाहेर ठेवून जातात. त्या मुलीसोबत आम्ही तेवढेच गणित केले. घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना हात मिळून 0.4 सेकंद चुकू शकतो. चाळीस सेकंदांत ती एक टक्का झाली. सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात दोन टक्के. म्हणजे 9.63 मध्ये साधारण 0.2 इकडे किंवा तिकडे. मुंबईचा आकडा त्यात आरामात बसतो. तिचे उत्तर चूक नव्हतेच, अपुरे होते.

"और मार्क कटे तो?" तिने विचारले. कापले जाणार नाहीत, असे वचन आम्ही देऊ शकत नव्हतो, आणि दिलेही नाही. तिने 40.5 तसेच ठेवले, 9.63 लिहिले आणि खाली त्रुटीविषयी इंग्रजीत एक वाक्य घातले, व्याकरण आपल्यापरीने. पुढच्या आठवड्यात जर्नल तपासून आले. त्या वाक्याशेजारी लाल शाईचे प्रश्नचिन्ह होते आणि पानाखाली सही. प्रश्नचिन्ह व्याकरणावर की आकड्यावर, हे ती सोमवारी सरांना विचारणार आहे.