दधीचींना कुणी विचारलं होतं?

३ ऑगस्ट २०१५. पुण्यातल्या एका महिलेचं हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात एका तरुणाच्या छातीत धडधडू लागलं. मुंबईत हृदय प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्ये केला होता. रुग्ण काही तासांत दगावला. मधली ४७ वर्षं शस्त्रक्रियेच्या इतिहासात मोजली जातात. खरा पेच मात्र अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या दात्याच्या नातलगांपुढे असतो.

मुलुंड असो वा पुणं, पेच तोच.

अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार मेंदू-मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवावा लागतो. तोवर व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, हात उबदार असतो. प्राण गेला म्हणायचा कधी? जपानमध्ये यावर इतका वाद झाला की तिथला कायदा १९९७ मध्ये आला.

आपल्याकडे अवयवदान म्हटलं की दधीची ऋषींचा दाखला लगेच दिला जातो. पण दधीचींनी आपली हाडं स्वतः दिली. इथे उत्तर बायकोला, मुलाला, आईला द्यायचं असतं, तेही रडणं थांबायच्या आत. त्यागाचं ओझं त्यांच्यावर लादणं अन्यायाचं वाटतं. अपुऱ्या देहाला गती मिळेल का, हा एखाद्या आजीचा प्रश्न अडाणी नाही. अवयव काढल्यावर देह शिवून घरी देतात, अंत्यसंस्कार रीतसर होतात, हे तिला शांतपणे सांगायला हवं. आणि तरीही ती नको म्हणाली, तर त्या नकाराचाही मान राखायला हवा.